अँटिऑक्सिडंट घ्यायला सांगितलंय? ताटापासून कॅप्सूलपर्यंत, मराठवाड्यातल्या घरासाठी

शुगर थोडी वाढली, सांधे दुखायला लागले, केस गळाले, की कोणीतरी सांगतंच: "अँटिऑक्सिडंट सुरू करा." सांगणारा कधी जिममधला ट्रेनर असतो, कधी दिवाळीला पुण्याहून आलेला पाव्हणा. मग एकाच घरात हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, गुळवेलीचा काढा आणि आवळ्याचा रस एकाच आठवड्यात सुरू होतात. बीपी-शुगरच्या जुन्या गोळ्या चालू असतातच. या वाटेला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. जेवणातून पोटात जाणाऱ्या या पदार्थांना बहुतेकांनी घाबरायचं कारण नाही. अर्क करून डबीत भरलेल्यांना मात्र औषधासारखंच वागवायचं.

आधी एवढं जवळ घेऊन बसा

- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. काढा, चूर्ण आणि "ताकदीची पावडर" यांचे डबेही त्यात धरा.
- गेल्या सहा महिन्यांतले रिपोर्ट: हिमोग्लोबिन, एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), शुगर. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी).
- घ्यायच्या विचारात असलेल्या कॅप्सूलच्या लेबलचा मोबाईलवर काढलेला फोटो, पुढची आणि मागची बाजू.
- एक वही. कोणती गोष्ट कोणत्या तारखेला सुरू केली, ते तिच्यात लिहायचं.

1. हे पदार्थ करतात काय, ते समजून घ्या

पेशींत अन्न जळताना काही चंचल रेणू तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते बेसुमार वाढले तर पेशींचं आवरण, प्रथिनं आणि डीएनए यांना इजा होते. त्यांना आवर घालणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. आवळा-पेरूतलं क जीवनसत्त्व, करडईच्या तेलातलं ई, गाजर-आंब्यातली कॅरोटिनॉइड, चहा, कांदा, हळद, जांभूळ यांतली पॉलिफेनॉल ही सगळी त्याच बिरादरीतली. झाड हे पदार्थ ऊन, कीड आणि बुरशीपासून स्वतःला वाचवायला बनवतं. आपल्याला त्यांचा उपयोग होतो हा आपला फायदा.

मग जितके जास्त तितके चांगले, असं का नाही? कारण शरीराला थोडे रॅडिकल लागतातही. पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात, आणि व्यायामानंतर स्नायूंना "मजबूत हो" हा निरोप त्यांच्याकडूनच मिळतो. 2009 मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांना रोज 1000 मिलिग्रॅम क आणि 400 युनिट ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला मिळणारी साथ सुधारली, घेणाऱ्यांची सुधारली नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांनी हे वाचून ठेवावं. स्टॅमिनासाठी म्हणून घेतलेली गोळी व्यायामाचाच फायदा खाऊ शकते.

इथे फसतात: डब्यावर "ओआरएसी इतके हजार" असा अँटिऑक्सिडंट ताकदीचा आकडा असतो. तो परीक्षानळीतला आहे. माणसाच्या पोटात गेल्यावर त्या पदार्थाचं काय होतं, याचा त्यातून पत्ता लागत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला ओआरएसी तक्ता 2012 मध्येच संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण कंपन्या तो जाहिरातीला वापरत होत्या. डब्यांवरून आकडा अजून गेलेला नाही.

2. ताट हंगामाप्रमाणे लावा

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते (बटाटा-रताळं सोडून). मराठवाड्यात ही अट हिवाळ्यात सहज पुरी होते आणि एप्रिल-मेमध्ये पार मोडते, म्हणून वर्षभराचं एकच वेळापत्रक इथे चालत नाही.

पावसाळ्यात बांधावर आणि बाजारात घोळ, तांदुळजा, पाथरी, कर्टुली येतात. जून-जुलैत जांभूळ. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या टाकून, वरून लसणाची फोडणी देऊन करा. रानभाजी ओळखीच्या माणसाकडूनच घ्या आणि तणनाशक मारलेल्या बांधावरची तोडू नका.

हिवाळा हा सुगीचा काळ. हरभऱ्याचा आणि करडईचा कोवळा पाला, मेथी, गाजर, बोरं, पेरू, आवळा, सगळं एकदम येतं. वेळअमावस्येची भज्जी इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ओला हरभरा, तुरीचे आणि वालाचे दाणे, पालेभाज्या, हिरवी मिरची, लसूण, असे दहा-पंधरा वनस्पतीजन्य पदार्थ एकाच भांड्यात शिजतात. कोणत्याही "मल्टी अँटिऑक्सिडंट" कॅप्सूलमध्ये एवढी विविधता नसते. वर्षातून एकदाच का, थंडीभर आठवड्याला एकदा करा.

क जीवनसत्त्वाची रोजची गरज भारतीय शिफारशीप्रमाणे पुरुषाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम. मोजणीची पद्धत आणि वाण यांप्रमाणे आवळ्यात 100 ग्रॅमला 250 ते 600 मिलिग्रॅम क निघतं. म्हणजे 30-40 ग्रॅमचा एक आवळा पुरतो. पेरूही फार मागे नाही. जालन्याची मोसंबी रस काढून पिण्यापेक्षा सोलून, फोडींवरच्या पांढऱ्या पापुद्र्यासकट खा, कारण हेस्पेरिडिन हे तिचं खास पॉलिफेनॉल त्या पापुद्र्यात जास्त असतं. गाळलेल्या रसात उरते ती मुख्यतः साखर.

उन्हाळ्यात विहिरी आटल्या की पालेभाजी महाग होते, कधी मिळतच नाही. तेव्हा भर कोरड्यावर द्या: मोड आलेली मटकी (मोड आल्यावर तिच्यात क जीवनसत्त्व तयार होतं, कोरड्या दाण्यात ते जवळपास नसतं), जवसाची आणि कारळाची चटणी, कांदा, लिंबू, कैरी, शेवग्याचा पाला, टरबूज. ज्वारीचं पीठ चाळून कोंडा टाकू नका, तिची फेनॉलिक द्रव्यं दाण्याच्या बाहेरच्या थरातच असतात.

दोन खबरदाऱ्या. जवस भाजूनच वापरा आणि आठवड्याला पुरेल एवढीच कुटा. कुटलेल्या जवसातलं तेल हवेने खवट होतं आणि खवट तेल म्हणजे आपण टाळू पाहतोय तेच ऑक्सिडेशन. शेंगदाण्यातले काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकून द्या. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. ते यकृताला घातक आहे आणि भाजून पूर्ण जात नाही.

3. शिजवताना काय उरतं, काय उडतं

- क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. भाजी आधी धुवा, मग चिरा. उकडलेलं पाणी ओतू नका, वरणात घाला. लिंबू भांडं खाली उतरवल्यावरच पिळा.
- गाजर, टोमॅटो, पालेभाज्या यांतली कॅरोटिनॉइड तेलाशिवाय नीट शोषली जात नाहीत. चमचाभर तेल पुरे. टोमॅटोतलं लायकोपीन तर शिजवल्यावर अधिक मिळतं.
- लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच राहू द्या, मग फोडणीत टाका. ठेचल्यावर त्यातलं एन्झाइम काम करतं. लगेच गरम तेलात पडलं तर ते मरतं.
- करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व भरपूर, 100 ग्रॅमला 34 मिलिग्रॅमच्या आसपास. पण तळून उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवलं की ते उडून जातं आणि घातक द्रव्यं तयार होतात. भज्यांचं उरलेलं तेल पुन्हा तळणासाठी ठेवू नका.

4. चहाची वेळ बदला

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पायरी हीच. चहातली पॉलिफेनॉल अँटिऑक्सिडंट आहेत हे खरं, पण तीच आतड्यात लोहाला धरून ठेवतात. धान्य, डाळी, पालेभाज्यांतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, आणि जेवणासोबत चहा घेतला तर त्यातलंही निम्म्याहून अधिक वाया जाऊ शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा घरात "चहा आरोग्याला चांगला" हे वाक्य अर्धंच सांगून भागणार नाही.

करायचं एवढंच: जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचं अंतर ठेवा. सकाळी चहासोबत भाकरी खाऊन शेतात जाणाऱ्या बाईने भाकरीसोबत चहाऐवजी ठेचा-लिंबू घ्यावा, चहा तासाभराने. लोहाची गोळी चहासोबत कधीच नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. हळदीच्या आणि ग्रीन टीच्या कॅप्सूलही लोहाला अडवतात, म्हणून हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तर त्यांचा विचार आधी बाजूला ठेवा आणि लोह भरून काढा. दाणा निवडायचा असेल तर 2018 मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने आणलेली "परभणी शक्ती" ही ज्वारी लोह आणि जस्त जास्त असावं म्हणूनच तयार केली आहे.

5. काढे आणि हिरवे रस

"झाडपाल्याचं आहे, काय होतंय" हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर रोज पडतं. तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

गुळवेल: कोरोनाच्या काळात घरोघरी काढा सुरू झाला आणि यकृताला सूज आलेले रुग्ण दिसू लागले. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांतून 43 रुग्णांची. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, दिसायला सारख्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असंही म्हटलं. वाद आपण मिटवू शकत नाही. पण थायरॉईड, संधिवात यांसारखा स्वप्रतिकार आजार (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) किंवा यकृताचा जुना त्रास असेल तर कडुनिंबावर चढलेली वेल तोडून महिनोन्महिने काढा पिणं थांबवा.

दुधी: रस काढण्याआधी एक फोड चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी फेका. कडूपणा कुकरबिटासिनचा असतो. त्याने रक्ताच्या उलट्या होतात, मृत्यूही झालेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने याच कारणाने कडू रस पिऊ नका, इतर रसांत मिसळू नका, असं बजावलं. दुधीतला कडूपणा मीठ-साखरेने लपतो, विष तसंच राहतं.

पालक, चुका, घोळ, बीट यांचा कच्चा रस: यांत मुतखडा बनवणारं ऑक्सलेट भरपूर. आपल्याकडचं ऊन, घाम, कमी पाणी यांमुळे मुतखडा आधीच घरटी सापडतो. भाजी करून खा, सोबत दही किंवा ताक घ्या (कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच बांधतं), रोज ग्लासभर रस नको. ज्यांना एकदा खडा होऊन गेला आहे त्यांनी हळदीची जास्त मात्रा आणि 1000 मिलिग्रॅमच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही टाळाव्यात. किडनीचं दुखणं असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर फळांचे रस आणि पालेभाज्यांतलं पोटॅशियम हाही प्रश्न असतो. तिथे डॉक्टरांनी दिलेला आहारतक्ताच चालवा.

6. हळद विकत घेताना

वसमत-हिंगोलीचा पट्टा जवळ असताना चकचकीत पाकिटावर जायचं कारण नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हळकुंडं घ्या आणि गिरणीतून दळून आणा. हळकुंड अनैसर्गिक पिवळंजर्द आणि चकाकणारं असेल तर सोडून द्या. पॉलिशला लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग वापरल्याचे प्रकार दक्षिण आशियात सापडले आहेत, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. तयार पावडर असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका: शुद्ध पावडर खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं, रंग मिसळलेली पाणी गडद करते. या चाचणीत शिसं मात्र खात्रीने कळत नाही.

7. कॅप्सूलचं गणित घरीच करा

हळदीत कर्क्युमिन (तिचं पिवळं, गुणाचं द्रव्य) साधारण 2 ते 5 टक्के. तीन टक्के धरा. एका माणसाच्या पोटात दिवसभरात भाजी, वरण, दूध मिळून दोन ग्रॅम हळद गेली तर कर्क्युमिन झालं 60 मिलिग्रॅम. आता डबीवर बघा: "500 मिलिग्रॅम, 95 टक्के कर्क्युमिनॉइड". म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 475. दोन घेतल्या तर 950. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मान्य मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोला 3 मिलिग्रॅम आहे, 60 किलोच्या माणसाला 180. चाचण्यांमध्ये याहून जास्त दिलेलं आहे, पण तिथे रक्ततपासणी चालू असते.

पुढचा शब्द शोधा: "पिपेरिन" किंवा "काळी मिरी अर्क". नुसतं कर्क्युमिन रक्तात फारसं पोचत नाही. बंगळुरूत 1998 मध्ये झालेल्या प्रयोगात माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, तेव्हा शोषण वीसपट झालं. जाहिरातीत हे गुण म्हणून छापतात. पण पिपेरिन हे करतं ते औषधं निकामी करून बाहेर टाकणारी यकृत-आतड्यातली यंत्रणा मंदावून. तीच यंत्रणा फिट्सच्या फेनिटॉइनला आणि किडनी बदललेल्यांच्या टॅक्रोलिमसला हाताळते. त्यांची पातळी रक्तात चढू शकते. हळदीच्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं इटली आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत, त्यांतली बरीच मिरी-अर्क असलेल्या गोळ्यांची. रस्स्यात पडणारी चिमूटभर मिरी या हिशोबात धरू नका.

ग्रीन टी: कप दोन कप पिणं ठीक. वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये मात्र ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य पॉलिफेनॉल) किती ते पाहा. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्यांत यकृताचे एन्झाइम वाढल्याचं युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं. उपाशीपोटी धोका आणखी वाढतो, आणि लोक नेमक्या उपाशीपोटीच घेतात.

बीटा कॅरोटिन: बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने ही गोळी घ्यायचीच नाही. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, रोज 20 मिलिग्रॅम. अपेक्षा होती कर्करोग कमी होईल. 1994 चा निकाल आला तो फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के वाढल्याचा. अमेरिकेतली दुसरी चाचणी याच कारणाने 1996 मध्ये मुदतीआधी बंद करावी लागली. ई जीवनसत्त्वाचं तसंच: 400 युनिटची गोळी वर्षानुवर्षे घेतलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के जास्त निघाला (2011). गाजर-आंब्यावर हा ठपका नाही.

लेबलवर आणखी तपासा: 14 अंकी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक किंवा आयुर्वेदिक औषध असेल तर परवाना क्रमांक, मात्रा "एका कॅप्सूलमध्ये" लिहिली आहे की "एका सर्व्हिंगमध्ये" (सर्व्हिंग म्हणजे दोन-तीन कॅप्सूल असू शकतात), बॅच आणि मुदत. फूड सप्लिमेंटवर "नॉट फॉर मेडिसिनल यूज" छापणं बंधनकारक आहे. तेच विकणारा "शुगर बरी होते" म्हणत असेल तर दुकान बदला.

8. तुमच्या गोळीशी कशाचं जमत नाही

- रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिन, असिनोकूमारॉल: पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करतं. भाजी बंद करू नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. थंडी लागताच अचानक रोज मेथी-पालक सुरू केलात तर आयएनआर बिघडतो. हळद, लसूण, ई यांच्या कॅप्सूल रक्तस्राव वाढवू शकतात. कॅप्सूलचा हा धोका ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनाही.
- ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन: जांभूळबी, मेथी, कारल्याचं चूर्ण सोबत घेतल्यास शुगर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखर खा, मग शुगर मोजा.
- थायरॉईडची गोळी: उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅप्सूल, लोह, कॅल्शियम चार तासांनी.
- केमो, रेडिएशन: काही उपचार रॅडिकल तयार करूनच गाठ मारतात. अँटिऑक्सिडंटची एकही गोळी कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नको.
- ऑपरेशन ठरलं असेल: सगळे अर्क दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना यादी दाखवा.
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं: ताटातलं सगळं चालेल, अर्काच्या कॅप्सूल नाहीत.

9. एवढं करूनही घ्यायचंच ठरलं, तर

सुरू करण्याआधी एसजीपीटी आणि क्रिएटिनिन करून घ्या. तुलनेला पहिला आकडा नसेल तर पुढे काही बिघडलं तरी कशाने ते कळत नाही. एका वेळी एकच अर्क, सगळ्यात कमी मात्रेत, जेवणानंतर. वहीत तारीख लिहा. कशासाठी घेतोय तेही लिहा: गुडघेदुखी असेल तर आज किती पायऱ्या चढल्यावर दुखतं ते. सहा ते आठ आठवड्यांत त्यात फरक नसेल तर बंद करा, दुसरी कंपनी शोधू नका. चालू ठेवायचं असेल तर त्याच टप्प्यावर एसजीपीटी पुन्हा.

लघवी चहाच्या रंगाची झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, भूक मेली, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर त्याच दिवशी डबी बंद आणि डबीसकट डॉक्टरांकडे. काविळीचं झाडपाल्याचं औषध आणायला गावोगाव फिरू नका; यकृतावर आणखी एक अर्क चढतो आणि दिवस जातात. शौच डांबरासारखं काळं झालं किंवा हिरड्यांतून रक्त थांबेना, तरीही तसंच करा. औषधाचा किंवा अर्काचा दुष्परिणाम झाला तर तो रुग्ण स्वतःही नोंदवू शकतो: राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक 1800-180-3024. नोंदवताना बॅच क्रमांक विचारतात, म्हणून रिकामी डबी भंगारात देऊ नका.